स्थलांतरित घरें आणि इतिहासाचा पुरावा : ‘दक्षिणचित्र’ संग्रहालयाचें परीक्षण

१.

इतिहासाच्या साधनांची यादी करावयास बसलें म्हणजे कागदपत्रें, ताम्रपट, शिलालेख, नाणीं, चित्रें, बखरी, शकावल्या हीं नांवें अनुक्रमानें पुढें येतात. देवळें आणि किल्ले यांनाहि त्या यादींत आतां मानाचें स्थान आहे. परंतु ज्या घरांत ते कागद लिहिले गेले, ज्याच्या माळ्यावर ते रुमालांत बांधून पडले आणि ज्याच्या कोनाड्यांतून संशोधकांनीं ते बाहेर काढिले, त्या घराचें नांव यादींत क्वचितच आढळतें. कै. राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. तेव्हांपासून महाराष्ट्रानें कागद पुष्कळ वांचविले. त्याच काळांत ते कागद पिढ्यानपिढ्या सांभाळणारे वाडे एकामागून एक जमीनदोस्त झाले. त्यांच्याविषयीं मात्र तशी कळकळ दिसून आली नाहीं.

घर वांचविण्याचा एक उपाय इतर देशांत शंभरांहून अधिक वर्षें चालू आहे. मोडकळीस आलेलें जुनें घर मूळ जागेवरून उकलून काढावयाचें, त्याचा प्रत्येक भाग मोजून व क्रमांक घालून दुसरीकडे न्यावयाचा, आणि एका विस्तीर्ण आवारांत तशाच इतर घरांच्या शेजारीं तें पुन्हा उभें करावयाचें. अशा आवारास उघड्यावरील संग्रहालय म्हणतात. तेथें वस्तु कांचेच्या कपाटांत नसून प्रेक्षकच वस्तूच्या पोटांत शिरतो. हिंदुस्थानांत या पद्धतीचा विचारपूर्वक झालेला प्रयत्न म्हणजे चेन्नईच्या दक्षिणेस समुद्रकिनाऱ्यालगत मुत्तुकाडू येथें असलेलें ‘दक्षिणचित्र’ होय. तें आम्हीं एक संबंध दिवस फिरून पाहिलें. तेथील घरांचें सौंदर्य वर्णन करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. असें उठवून आणलेलें घर इतिहासाचें साधन म्हणून कितपत ग्राह्य धरावें, आणि आपल्या प्रांतानें या मार्गानें जावें कीं न जावें, एवढ्या दोनच प्रश्नांचा येथें विचार कर्तव्य आहे.

२.

प्रथम या कल्पनेच्या उगमाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण तिचे गुण व दोष दोन्ही उगमापाशींच दिसूं लागतात. आर्टुर हाझेलियस (१८३३–१९०१) या स्वीडिश विद्वानानें १८७२ सालीं डालार्ना प्रांतांत प्रवास केला. खेड्यांतील पेहराव, भांडीं व घरगुती सामान डोळ्यांदेखत नाहींसें होत असल्याचें त्यास तेथें आढळून आलें. पुढच्याच वर्षीं त्यानें आपला संग्रह राजधानींत लोकांस खुला केला. १८८५ सालीं मोरा येथील एक लांकडी घर विकत घेतलें, आणि ११ ऑक्टोबर १८९१ रोजीं स्टॉकहोममधील एका टेकडीवर ‘स्कान्सेन’ उघडलें. तें नांव पुढें इतकें रूढ झालें कीं, युरोपांतील कित्येक भाषांत या जातीच्या संग्रहालयास ‘स्कान्सेन’ असेंच म्हणूं लागले. नॉर्वेंत दुसरा ऑस्कर राजा यानें त्यापूर्वींच ओस्लोजवळ कांहीं जुन्या इमारती आणवून उभ्या केल्या होत्या. गोल येथील मध्ययुगीन लांकडी चर्च त्यांपैकीं एक होय. त्याच देशांत लिलेहामर येथील सांडविग नांवाच्या दंतवैद्यानें खेडोपाडीं रोग्यांचे दांत पाहतां पाहतां जुन्या वस्तु व पुढें घरेंच्या घरें जमविलीं. त्यांचें संग्रहालय १९०४ सालीं सध्यांच्या जागीं उघडलें.

हा उद्योग त्याच देशांत कां सुरू झाला, याचें एक कारण सुतारकामांत आहे. तेथील शेतकऱ्याचें घर ओंडक्यांचें असतें. ओंडके कोपऱ्यांवर खांचा पाडून एकमेकांत बसविलेले असतात. त्यांवर क्रमांक घालावे, एकेक उतरवावा, गाडीवर लादावा आणि दुसऱ्या जागीं त्याच क्रमानें रचावा, म्हणजे भिंतीसुद्धां संपूर्ण घर मूळ द्रव्यासह हलतें. मातीच्या भिंतीचें घर असें हलत नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

३.

‘दक्षिणचित्र’ हें मद्रास क्राफ्ट फाउंडेशन या संस्थेचें काम. ही संस्था १९८४ सालीं डेबोरा त्यागराजन या मूळच्या अमेरिकन विदुषीनें स्थापिली. सुमारें १० एकर जागेवर, लॉरी बेकर या प्रसिद्ध स्थपतीच्या आराखड्यास अनुसरून, संग्रहालयाची मांडणी झाली आणि डिसेंबर १९९६ मध्यें तें लोकांस खुलें झालें. तमिळनाडु, केरळ, कर्नाटक, आंध्र व तेलंगण या प्रदेशांतील एकूण १८ घरें तेथें आहेत. त्यांपैकीं बरींचशीं मालकांनीं पाडावयास काढलेलीं म्हणून विकत घेतलेलीं आहेत. तीं मूळ जागीं उकलून येथें पारंपरिक सुतार-गवंड्यांकडून पुन्हा बांधविलीं. बाकीचीं, विशेषतः माती व गवत यांचीं, जुन्या धर्तीवर नव्यानें रचिलीं आहेत.

सर्वांत प्रथम डोळ्यांत भरतें तें चेट्टिनाडचें घर. नाट्टुकोट्टै चेट्टियार ही सावकारांची जात. तिच्या पेढ्या ब्रह्मदेश, सिंहलद्वीप व मलाया येथें पसरल्या होत्या. ब्रह्मी सागवानाचे गुळगुळीत खांब, चुन्याच्या गिलाव्याला दिलेली आरशासारखी घोटाई, आणि पुढील ओसरीपासून मागील स्वयंपाकघरापर्यंत एका सरळ रेषेंत दिसणारे दरवाजे, हें सर्व त्या सावकारीच्या पैशानें उभारलेलें आहे. खांबांचें सागवान ज्या देशांतून आलें त्याच देशांत पैसाहि गुंतला होता. १९४२ सालीं जपानी सैन्य ब्रह्मदेशांत शिरलें आणि चेट्टियारांचा तेथील व्यवहार कोसळला. वारसांत वांटण्या झाल्या, कुटुंबें शहरांत गेलीं, आणि पुढें कारैकुडीच्या बाजारांत त्या वाड्यांचे खांब, दरवाजे व भांडीं सुटीं सुटीं विकलीं जाऊं लागलीं. पुण्याच्या जुन्या बाजारांत वाड्याची महिरप विकावयास ठेवलेली ज्यानें पाहिली असेल त्यास हा इतिहास परका वाटणार नाहीं.

केरळांतील घरें पाहतांना निराळाच बोध होतो. कोट्टयमजवळील पुदुपल्ली येथून आणलेलें सीरियन ख्रिस्ती कुटुंबाचें घर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचें आहे. त्याचा गाभा म्हणजे धान्याची लांकडी कोठी. ती घराच्या एका कडेस नसून मध्यभागीं आहे, आणि राहण्याच्या जागा तिच्या भोंवतीं रचिल्या आहेत. भाताचें पीक हाच ज्या घराचा आधार, त्या घराच्या नकाशांत भाताची जागा कोठें असावी याचें उत्तर शब्दांवांचून मिळतें. शेजारीं त्रावणकोर व मलबार येथील हिंदु घरें आहेत. धर्म निराळा असूनहि लांकूडकाम, छपराचा उतार व सांधे यांत इतकें साम्य आढळतें कीं, सुताराची परंपरा ही मालकाच्या उपासनेपेक्षां प्रदेशाच्या पावसाशीं अधिक बांधलेली असते असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष ग्रंथांतूनहि मिळाला असता; पण दोन्ही घरें एकमेकांपासून शेंकडो पावलांच्या आंत असल्यामुळें तो पाहतांक्षणींच पटतो. असें शेजार मूळ जागीं कधींच मिळालें नसतें. उघड्यावरील संग्रहालयाचा हा खरा गुण होय.

महाराष्ट्रीय वाचकास आपुलकीचें वाटेल असें घर इळकलच्या विणकराचें आहे. इळकल हें गांव आतां कर्नाटकांतील बागलकोट जिल्ह्यांत आहे. १९५६ पर्यंत तें मुंबई इलाख्यांत, विजापूर जिल्ह्यांत होतें. इरकली लुगडें आमच्या आज्या-पणज्यांनीं नेसलें, त्याच्या टोपपदराची चर्चा केली, पण तें कोणत्या भिंतींच्या आड विणलें जातें हें त्यांपैकीं फारच थोड्या जणींनीं पाहिलें असेल. खड्डामागापाशीं विणकर जमिनींत पाय सोडून बसतो. म्हणजे माग ही घरांत आणून ठेवलेली वस्तु नसून घराच्या जमिनीचाच भाग असतो. माग वस्तुसंग्रहालयाच्या दालनांत ठेविला तर यंत्र दिसतें. घरांत पाहिला तर धंदा आणि संसार एकाच छपराखालीं कसे नांदत तें कळतें. आर्थिक इतिहास लिहिणाऱ्यास हा भेद महत्त्वाचा आहे.

४.

येथवर गुण सांगितले. आणखी एक गुण सहसा प्रेक्षकाच्या लक्षांत येत नाहीं, पण संशोधकाच्या दृष्टीनें तोच सर्वांत मोठा. उभें घर आपलें बरेंचसें ज्ञान झांकून ठेवितें. तुळईचें टोंक खांबाच्या डोक्यांत किती शिरलें आहे, खुंटी कोणत्या लांकडाची आहे, सुतारानें जोडणीसाठीं कोणत्या खुणा कोरल्या आहेत, पाया किती खोल आहे, एका भिंतीच्या आंत दुसरी जुनी भिंत दडली आहे कीं काय, हें घर उकलल्याशिवाय दिसत नाहीं. घर उकलणें म्हणजे मोहोर फोडून लखोटा वाचणें होय. मात्र तो एकदांच वाचतां येतो. वाचतांना टिपण केलें नाहीं तर मजकूर कायमचा गेला.

यावरूनच परीक्षणाची मुख्य कसोटी निघते. संग्रहालयांत घर किती सुबक उभें आहे हें पाहून त्याची योग्यता ठरवूं नये. तें उकलतांना काय आढळलें, मूळ गांवीं तें कोठें व कोणत्या दिशेस तोंड करून होतें, त्याच्या उजव्या-डाव्या हातास कोण राहात, कोणतें लांकूड जुनें व कोणतें नवें, हें सर्व लिहिलेलें टिपण अभ्यासकास किती सहज मिळतें, यावर ती ठरते. आपण ऐतिहासिक पत्र छापतांना तें कोणाच्या दप्तरांत मिळालें, कागद कोणता, अक्षर कोणाचें, कोठें फाटलें आहे, हें वर नमूद करितों. असें नमूद न केलेलें पत्र, मग तें कितीहि रसाळ असो, शहाणा संशोधक जपूनच वापरतो. घराला हा नियम कां लागू नसावा? ‘दक्षिणचित्रां’त घरासंबंधीं माहितीच्या पाट्या आहेत व त्या सामान्य प्रेक्षकास पुरेशा आहेत. पण खांबाजवळ उभें राहून हा खांब मूळचा कीं पुनर्बांधणींतला असा प्रश्न मनांत आला, तर खांब पाहून त्याचें उत्तर मिळत नाहीं. नव्या लांकडावर आंतल्या बाजूस सालाचा एक लहानसा शिक्का मारणें फारसें खर्चाचें नाहीं; त्यानें शोभाहि बिघडत नाहीं आणि पुढील पिढीची फसगत टळते.

५.

आतां मूलभूत आक्षेपांकडे वळूं. १९६४ सालीं व्हेनिस येथें वास्तुरक्षणाची जी सनद तयार झाली तिच्या सातव्या कलमाचा आशय असा आहे कीं, वास्तु ज्या इतिहासाची साक्ष देते त्यापासून व ज्या परिसरांत ती उभी आहे त्यापासून ती वेगळी काढतां येत नाहीं. रक्षणाचा दुसरा उपाय नसेल किंवा तसेंच थोर कारण असेल तरच ती हलवावी. या कलमाचें तथ्य ‘दक्षिणचित्रां’तील अग्रहाराच्या घरापाशीं चांगलें कळतें. अग्रहारांत घरें ओळीनें, भिंतीस भिंत लावून असतात. बाहेरची ओटी शेजाऱ्याच्या ओटीला मिळालेली असते, आणि संपूर्ण आळीचें तोंड देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर असतें. अशा ओळींतून एक घर उचलणें म्हणजे ओवींतून एक चरण काढून तो स्वतंत्र कविता म्हणून छापण्यासारखें आहे. घराच्या ज्या दोन बाजूंवर कधीं ऊनहि पडलें नव्हतें त्या आतां प्रेक्षकाच्या नजरेस उघड्या पडतात.

याहून खोल आक्षेप अंतराचा आहे. कुंभाराच्या घरापासून ब्राह्मणाच्या घरापर्यंत, आणि तेथून सावकाराच्या वाड्यापर्यंत आम्ही अर्ध्या घटकेंत सहज चालत गेलों. कोणीं अडविलें नाहीं. खऱ्या खेड्यांत कोणीं कोणत्या वाटेनें जावें, कोणाच्या विहिरीचें पाणी कोणीं प्यावें, कोणाची वस्ती गांवकुसाच्या आंत व कोणाची बाहेर, हें ठरलेलें होतें. तमिळ मुलखांत चेरी गांवापासून वेगळी. आपल्याकडे महारवाडा व मांगवाडा गांवकुसाबाहेर, बहुधा वारा गांवाकडून तिकडे जाईल अशा अंगाला. हें अंतर हाच खेड्याच्या सामाजिक इतिहासाचा सर्वांत बोलका पुरावा आहे, आणि तोच पुरावा बैलगाडींत किंवा मोटारींत घालून आणतां येत नाहीं. घर येतें, अंतर मागें राहतें. परिणामीं जातींत विभागलेलें खेडें संग्रहालयांत आल्यावर शेजारधर्मानें नांदणारें खेडें दिसूं लागतें. असें दाखविण्याचा चालकांचा हेतु आहे असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. हा दोष पद्धतीच्या पोटांत आहे. म्हणूनच तो नकाशा व लेख यांच्या साह्यानें मुद्दाम भरून काढावा लागतो. प्रत्येक घराच्या दारांत मूळ गांवाचा नकाशा टांगावा, आणि त्यांत त्या घरापासून विहीर, देऊळ व गांवकुसाबाहेरची वस्ती किती पावलांवर होती तें लिहावें. तेवढ्यानें प्रेक्षकास खरें गांव मनांत रचतां येईल.

तिसरा आक्षेप निवडीचा. सागवानाचा खांब दोनशें वर्षें टिकतो. कुडाची भिंत दोन पावसाळ्यांत नवी करावी लागते. म्हणून जें टिकतें तें बहुधा श्रीमंताचें असतें, आणि जें मोडून पुन्हा जोडतां येतें तें बहुधा लांकडाचें असतें. मजुराची झोंपडी संग्रहालयांत आलीच तर नव्यानें बांधलेली येते. अशा रीतीनें सावकाराचें घर अस्सल आणि मजुराचें घर अनुकरण, असा भेद प्रदर्शनांत आपोआप उत्पन्न होतो. इतिहासांत कागद ज्यांचे होते त्यांचाच इतिहास लिहिला गेला, हें आपणांस ठाऊक आहे. घरांच्या बाबतींत तीच चूक दुसऱ्यांदां होऊं नये.

चौथा आक्षेप काळाचा. घर ज्या दिवशीं बांधलें त्या दिवसाचें म्हणून दाखवावें, कीं ज्या दिवशीं सोडलें त्या दिवसाचें? बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावरील असंख्य घरांवरचें गवत व नळीचीं कौलें जाऊन तीं चपटीं कौलें आलीं. पुनर्बांधणी करितांना नळीचीं कौलें परत घालणें म्हणजे त्या घराच्या आयुष्यांतील पुढचीं शंभर वर्षें पुसून टाकणें होय. वेल्समधील सेंट फॅगन्स येथील संग्रहालयानें, जें १९४८ सालीं उघडलें, या प्रश्नाचें उत्तर मोठ्या चातुर्यानें दिलें आहे. मर्थर टिडफिल येथील लोखंडाच्या कारखान्यांतील कामगारांची सहा घरांची चाळ त्यांनीं ओळीसकट आणिली, आणि एकेक घर १८०५, १८५५, १८९५, १९२५, १९५५ व १९८५ या सालांप्रमाणें सजविलें. ओळ तुटली नाहीं, काळ गोठला नाहीं, आणि गरिबाचें घरहि मुख्य जागीं आलें. वर सांगितलेल्या आक्षेपांपैकीं तिहींचा परिहार येथें एकाच योजनेनें झाला आहे. ‘दक्षिणचित्रां’तील घरें बहुतेक आपल्या भरभराटीच्या काळांतच थांबलेलीं दिसतात. चेट्टियाराच्या घरांतील एखादी खोली वांटणीनंतरच्या अवस्थेंत, मध्यें आडभिंत घातलेली अशी दाखविली असती, तर तें घर संग्रहालयांत कां आलें याचा उलगडा प्रेक्षकास तेथेंच झाला असता.

पांचव्या गोष्टीचा केवळ उल्लेख करितों. स्कान्सेनवर आरंभापासून उत्तरेकडील सामी लोकांचा तळ मांडलेला असे. सामी कुटुंबें तेथें राहात आणि शहरांतले लोक त्यांना पाहावयास येत. घरासोबत माणूसहि प्रदर्शनाची वस्तु होण्याचा धोका या पद्धतींत असतो. ‘दक्षिणचित्रां’त कुंभार, विणकर वगैरे कारागीर काम करून दाखवितात, शिकवितात व आपला माल विकतात. प्रेक्षकाशीं त्यांचें नातें कसबाचें व व्यवहाराचें राहिलें आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

६.

आपल्या परिचयाच्या परिभाषेंत बोलावयाचें तर या संग्रहालयांचे तीन वर्ग करितां येतात. मूळ घर उकलून आणलेलें असेल तर तें अस्सल पत्र. मात्र दप्तरांतून सुटें पडलेलें. भोपाळ येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयांत, श्यामला टेकडीवरील सुमारें २०० एकरांच्या आवारांत, निरनिराळ्या आदिवासी समाजांच्या लोकांनींच येऊन आपापलीं घरें बांधलीं आहेत. तीं घरें जुनीं नव्हत, पण बांधणारा हात मूळचा आहे. म्हणून त्यांस लेखकानें स्वतःच उतरून दिलेली नक्कल म्हणावें. कोल्हापूरजवळ कणेरी येथील सिद्धगिरी मठाच्या आवारांत बारा बलुतेदारांचें खेडें पुतळ्यांच्या रूपानें उभारलें आहे. तेथें मूळ द्रव्य नाहीं, मूळ हातहि नाहीं. आहे ती परंपरेनें ऐकलेल्या गांवगाड्याची आठवण. ती बखर होय. बखरीस आम्ही तुच्छ लेखीत नाहीं. नांगराचा फाळ शेवटीं कोणीं घडविला आणि मोट कशी चाले हें ज्या मुलानें कधीं पाहिलें नाहीं त्यास ती बखर पुष्कळ शिकविते. पण बखर वाचून कोणी सनावळी ठरवीत नाहीं, तसें त्या खेड्यावरून कोणीं गांवाच्या रचनेचें प्रमाण देऊं नये.

हे तीन वर्ग एकमेकांत मिसळणें हा खरा दोष. एकाच रस्त्यावर अस्सल घर, नक्कल आणि बखर शेजारीं उभ्या असतील व प्रेक्षकास त्यांतील भेद सांगितला जात नसेल, तर अस्सलाचीहि किंमत उतरते. ‘दक्षिणचित्रां’त उकलून आणलेलीं व नव्यानें रचलेलीं अशीं दोन्ही प्रकारचीं घरें आहेत. तो भेद पाट्या वाचणारास कळतो; न वाचणारास, म्हणजे बहुतेकांस, कळत नाहीं. दोन निरनिराळ्या रंगांचे फलक लाविले तरी पुरे.

७.

आतां आपल्या घरच्या गोष्टीकडे येऊं. महाराष्ट्रांत असें संग्रहालय करावें काय? पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत कोथरूडच्या मस्तानीमहालाचे भाग पुन्हा जोडून उभे केले आहेत, म्हणजे ही कल्पना आपणांस अगदींच नवी नाहीं. तिकडे कृष्णेच्या खोऱ्यांत नागार्जुनसागर धरणाखालीं जाणारे नागार्जुनकोंड्याचे अवशेष उचलून टेकडीच्या माथ्यावर नेऊन मांडिले. इकडे उजनीच्या जलाशयांत पळसदेवचें जुनें देऊळ पाण्याखालीं राहिलें, आणि पाणी ओसरलें म्हणजे त्याचें शिखर पाहावयास लोक होड्यांतून जातात. स्थलांतराला आमचा सरसकट विरोध नाहीं, हें सांगण्यास ही तुलना पुरेशी आहे. बुडणारें घर उचललेंच पाहिजे.

परंतु आपल्या वाड्यांच्या बांधणींत एक अडचण आहे. वाड्याचा सांगाडा सागवानी: खांब, तुळया, कड्या, पाट. तो खण मोजून उकलतां येतो. भिंती मात्र देशावर बहुशः पांढऱ्या मातीच्या किंवा भेंड्यांच्या. ही माती येते कोठून? गांवच्या पांढरीतून, म्हणजे ज्या टेंकाडावर गांव शतकानुशतकें वसलें, पडलें आणि पुन्हा वसलें, त्याच टेंकाडांतून. पूर्वींच्या पिढ्यांच्या घरांची माती झाली आणि त्या मातीचें पुढच्या पिढीचें घर झालें. तें घर आपल्या गांवाच्या इतिहासाचा थर आहे. लांकूड नेऊन शहराच्या वेशीवर नव्या विटांत बसविलें तर वाड्याची हाडें येतील. पांढरी गांवींच राहील. नॉर्वेंतील घर ज्या पूर्णतेनें हललें त्या पूर्णतेनें देशावरचा वाडा हलणार नाहीं. हें आधींच कबूल करून मग योजना आंखावी.

वाडे पडण्याचीं कारणें गूढ नाहींत. १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें भाडें गोठलें आणि दुरुस्ती मालकाच्या आवांक्याबाहेर गेली. वारसांची संख्या वाढली. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतच्या पुरानें पुण्याच्या नदीकांठच्या पेठांतील कित्येक वाडे एका दिवसांत खचविले. उरलेल्यांच्या जागेस सोन्याचा भाव आला. मालकास दोष देणें सोपें आहे, पण गळक्या छपराखालीं राहून इतिहास जपण्याचा उपदेश त्यास आपण कोणत्या तोंडानें करावा? संशोधकाच्या हातीं जें आहे तें संशोधकानें करावें. वाडा वांचविणें त्याच्या हातीं नाहीं. वाड्याचें टिपण करणें निश्चित आहे.

तेव्हां आमची सूचना अशी. जेथें शक्य आहे तेथें घर मूळ जागींच राखावें. जेथें तें पाडावयाचेंच ठरलें असेल तेथें पाडण्यापूर्वीं त्याचीं मापें, नकाशा, छायाचित्रें, सांध्यांच्या आकृति आणि घरांतील वृद्धांच्या तोंडची माहिती गोळा करावी. कोण कोठें निजे, बाळंतिणीची खोली कोणती, धान्य कोठें, देव कोठें, परसांतल्या विहिरीवर कोणास येऊं देत व कोणास येऊं देत नसत, हें सर्व विचारावें. स्थलांतर करावयाचेंच तर एक शोभिवंत वाडा न उचलतां एक लहानशी आळी उचलावी, आणि तिच्यांत गांवकुसाबाहेरचें घर त्याच्या खऱ्या अंतरासह मांडावें. त्यासाठीं अधिक जागा लागेल ती द्यावी. आणि त्या प्रत्येक घराचें दप्तर कोणाहि अभ्यासकास मागतांच मिळावें.

‘दक्षिणचित्रा’च्या चालकांनीं जें केलें तें आपल्याकडे अजून कोणीं त्या प्रमाणावर केलेलें नाहीं, हें मान्य करूनच आम्हीं वरील दोषदर्शन केलें आहे. त्यांनीं पडणारीं घरें उचललीं. आपण तीं पडलेलीं पाहिलीं. पण संग्रहालय निघेपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. या त्रैमासिकाच्या प्रत्येक अंकांत दोन पानें एका घराला द्यावीं: एक नकाशा, एक टिपण, आणि तें घर कोठें, कोणाच्या शेजारीं उभें होतें त्याचा दाखला. वर्षाकांठीं चार घरें होतील. कागदांचे खंडहि असेच एकेक पत्र उतरून सिद्ध झाले. पुढील अंकासाठीं सातारा जिल्ह्यांतील एका पडक्या वाड्याचीं मापें घेण्यास प्रस्तुत लेखकानें आरंभ केला आहे. पावसाळ्यापूर्वीं तीं पुरीं झालीं पाहिजेत, कारण त्या वाड्याची दक्षिणेकडील भिंत यंदाचा पाऊस काढील असें दिसत नाहीं.